सिक्युरिटीत बॅग बाजूला जाऊ नये म्हणून

माझा पोटापाण्याचा व्यवसाय ग्रुप टूर घेऊन जाण्याचा. डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक इथली माणसं, निम्मी साठीच्या पुढची, आणि प्रत्येकाकडे एक तरी डबा. टूरवरचं पहिलं भांडण हॉटेलच्या खोलीवरून होत नाही, जेवणावरूनही होत नाही. ते सिक्युरिटी चेकच्या रांगेत होतं, आणि बहुतेक वेळा नवरा-बायकोत. "तुला घरी सांगत होतो, ती बरणी हँडबॅगेत नको." "मग मोठ्या बॅगेत तुमचे बूट कुणी कोंबले?" तोवर मागचे लोक उसासे टाकायला लागतात, समोरचा जवान एकच वाक्य तिसऱ्यांदा म्हणतो आणि विमानात बसायच्या आधीच मूड जातो. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगतेच, पण तिथे लोकांचं लक्ष खिडकीची सीट कुणाला मिळणार याकडे असतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आपण बॅग भरतो ती स्वतःच्या सोयीने. जड खाली, नाजूक मध्ये, आणि राहिलेल्या फटींत चार्जर, औषधं, खाऊची पुडकी. सिक्युरिटीत मात्र ती बॅग एक माणूस पडद्यावर बघतो आणि त्यासाठी त्याच्याकडे मोजकेच सेकंद असतात. तेवढ्यात आतलं सगळं सुटं सुटं कळलं तर बॅग पुढे सरकते, नाही कळलं तर बाजूला जाते. तुमचं वय, कपाळावरचं कुंकू, मुलगा कुठल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. तेव्हा हँडबॅग भरायची ती मशीनच्या डोळ्यांनी बघून.

पडद्यावर काय दिसतं

एक्स-रे मशीन आतल्या वस्तूंना रंग देतं. स्टील, तांबं, पितळ निळं दिसतं. अन्न, कागद, कापड, साबण, प्लास्टिक नारिंगी. ॲल्युमिनियम, काच यांसारख्या मधल्या गोष्टी हिरव्या. वस्तू जितकी दाट, तितका रंग गडद. गोची अशी की बहुतेक स्फोटकंही नारिंगीतच मोडतात. त्यामुळे बेसनाचे लाडू, गुळाची ढेप, चीजचा ठोकळा, साबणाच्या वड्या किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा हे सगळं पडद्यावर गडद नारिंगी ठोकळ्यासारखं दिसतं. त्यावर चार्जरच्या वायरी आणि एखादी बॅटरी आडवी पडली असेल, तर बघणाऱ्याला थांबावंच लागतं. त्याच्या जागी तुम्ही असता तरी थांबला असतात.

माझ्या ग्रुपमधल्या एका आजींचं सांगते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत डिंकाचे लाडू, डब्याभोवती सुती साडी गुंडाळलेली आणि वर मोबाइलचा चार्जर. म्हणजे पडद्यावर निळं वर्तुळ, त्यात काळपट गोळे आणि त्यावरून गेलेली वायर. बॅग अर्थातच बाजूला गेली. तिथल्या बाईंनी डबा उघडायला लावला, एक छोटी कापडी पट्टी झाकणाच्या कडेवरून, बॅगेच्या चेनवरून आणि आजींच्या तळव्यावरून फिरवली आणि शेजारच्या यंत्रात सरकवली. आजींना वाटलं, गेले लाडू. "अगं, एक खाऊन बघ ना, म्हणजे कळेल तुला," त्या म्हणाल्या. बाई हसल्या, यंत्राकडे बघितलं, डबा परत दिला. लाडू वाचले, पण आमचे काका-काकू तोवर तीन दिशांना पांगले होते.

हेच लाडू पसरट पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, एका थरात, बॅगेत सगळ्यात वर ठेवा. बेल्टजवळ आलात की डबा काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, कुणी सांगायची वाट बघू नका. स्टीलचा डबा चेक-इनच्या बॅगेत जाऊ दे.

ती कापडी पट्टी कशासाठी, हे मला प्रत्येक टूरवर विचारतात. स्फोटकांचे अगदी सूक्ष्म कण ते यंत्र शोधतं. नायट्रेटयुक्त खत आणि ग्लिसरीन असलेलं हँड क्रीम यांनीही ते कधी कधी वाजतं. आदल्या दिवशी शेतात खत टाकून आलेल्या माणसाने हात, घड्याळाचा पट्टा आणि बॅगेची मूठ साबणाने नीट पुसून यावं. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्याकडे द्राक्षबागायतदारांचे ग्रुप असतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

कधी कधी तुमच्या बॅगेत काही नसतानाही बेल्ट थांबतो. पडद्यासमोरचा माणूस झोपाळू होऊ नये म्हणून मशीन अधूनमधून खोट्या पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं चित्र खऱ्या बॅगेवर चिकटवून दाखवतं आणि त्याने ते ओळखलं का हे तपासतं. युरोपात तर सलग २० मिनिटांहून जास्त वेळ त्या पडद्यासमोर बसवत नाहीत, माणूस बदलतात. रांग खोळंबली की "हे मुद्दाम करतात" असं आपल्याला वाटतं. दर वेळी तसं नसतं.

डबे, बरण्या, पुड्या

मराठी माणसाची सिक्युरिटीतली निम्मी दुःखं खाण्याची आहेत, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हँडबॅगेत द्रव पदार्थ १०० मिलीच्या बाटलीत, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील इतक्या. हा नियम आला २००६ च्या ऑगस्टनंतर. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं उडवायचा कट तेव्हा लंडनमध्ये उघडकीला आला होता. बाटलीवर छापलेला आकडा बघतात, आत किती उरलंय ते बघत नाहीत. २०० मिलीच्या बाटलीत तळाला चार थेंब खोबरेल तेल असेल तरी ती जाणार. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नाही. जे पसरतं, ओघळतं, चमच्याने उचलावं लागतं ते सगळं त्यात. तूप, श्रीखंड, आमरस, गुळांबा, मुरांबा, लोणचं, ठेचा, ओली चटणी, टूथपेस्ट, बाम. "अहो, पण थिजलेलं आहे," हा तुपाच्या बाबतीतला युक्तिवाद मी पुष्कळ वेळा ऐकलाय. तो कुठेही चाललेला बघितला नाही.

बाकरवडी, चकली, शंकरपाळे, पुरणपोळी, खाकरा, चिक्की यांना कोणी अडवत नाही. देशातल्या देशात पाण्याची बाटलीही सहसा जाऊ देतात, क्वचित एक घोट प्यायला लावतात.

मसाल्याची गोष्ट वेगळी. तिखटाची पूड हँडबॅगेत चालत नाही, कारण उघड आहे, डोळ्यात फेकली तर ते हत्यारच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना आणखी एक नियम आहे, ३० जून २०१८ पासूनचा. हँडबॅगेत ३५० मिलीहून, म्हणजे कोल्ड्रिंकच्या कॅनएवढ्या जागेत मावेल त्याहून, जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात आणि खात्री पटली नाही तर ठेवून घेतात. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, नातवाचं नाचणीसत्त्व, सगळं या पुडीत येतं. बाळंतपणाला निघालेल्या आयांनो, हे चेक-इनमध्येच भरा. घरच्या पुड्यांवर नाव आणि तारीख लिहून चिकटवा. उघडून बघणाऱ्याला पांढऱ्या निनावी पुडीपेक्षा लेबल लावलेली पुडी बरी वाटते.

नारळाचं दुखणं मोठं. शिर्डी किंवा कोल्हापूरहून विमानाने परतताना प्रसादाचा नारळ हँडबॅगेत असतो आणि तो काढून घेतला की लोकांना अपशकुन झाल्यासारखं वाटतं. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना यात्रेच्या हंगामापुरती खास सवलत दिली होती. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही नको. त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात. सोपा उपाय, नारळ तिथेच फोडा, प्रसाद खा आणि निघा. देवाची हरकत नसावी.

गणपतीत परदेशी जाणाऱ्यांनी पूजेच्या सामानातून कापूर आणि काडेपेटी काढून ठेवा. दोन्ही ज्वलनशील, दोन्ही बॅगांत बंद. लायटरचंही तेच. अडकित्ता, कात्री, विळी, किसणी, सोलाणं हे चेक-इनमध्ये. पान खाणाऱ्या काकांचा अडकित्ता दर सीझनला एक तरी जातो, आणि तो नेमका वडिलांच्या वेळचा असतो.

खसखस हा विषय सिक्युरिटीचा नाही, कस्टम्सचा आहे, पण इथे सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दिवाळीच्या फराळातल्या अनारशांवर काय लावलेलं असतं ते आठवा. दुबईच्या मुलीला अनारसे पाठवू नका. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधंही तिथे परवानगीशिवाय नेऊ नका.

पॉवर बँक आणि इतर बॅटऱ्या

पॉवर बँक नेहमी हँडबॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. मोठ्या बॅगेत राहिली तर गेटवर तुमच्या नावाची घोषणा होते, तुम्ही धावत परत जाता, बॅग उघडून ती काढून देता, आणि बॅग वेळेत विमानात चढेल की नाही हा घोर वेगळाच. मर्यादा १०० वॅट-अवर. बाजारात मात्र आकडा मिलिअँपिअरमध्ये लिहितात, तर हिशेब असा करा: मिलिअँपिअरचा आकडा गुणिले ३.७, भागिले १०००. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवर, चालते. ३०,००० ची १११, तिला एअरलाइनची परवानगी लागते. आकडा घासून गेला असेल आणि वाचता येत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, नवी घ्या.

नियम कडक होत चाललेत त्याला कारण आहे. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उभ्या जागी जळालं, संशय पॉवर बँकवर होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, बरोबर फक्त एक ठेवता येते. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी फोन गेटवरच भरून घ्यावा.

ट्रेकर मंडळींसाठी दोन ओळी. स्टोव्हचं गॅसचं डबडं कुठल्याच बॅगेत नको. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी उपकरणं भारतात परवान्याशिवाय बेकायदा आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला असं उपकरण बरोबर ठेवल्याबद्दल ताब्यात घेतलं होतं. परदेशातल्या भाच्याने प्रेमाने पाठवलं तरी घेऊ नका.

रांगेत उभं राहिल्यावर

डिजीयात्रा आहे म्हणून सिक्युरिटी सुटेल असा बऱ्याच जणांचा समज असतो. चेहरा दाखवून मुख्य दारातून आणि सिक्युरिटीच्या तोंडाशी लवकर आत जाता येतं, इतकंच. पुढे ट्रे, मशीन आणि अंगझडती सगळ्यांना सारखी.

रांगेत असतानाच, ट्रे हातात यायच्या आधी, खिसे रिकामे करा. घड्याळ, सुटे पैसे, किल्ल्या, फोन, पट्टा, सगळं हँडबॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाका आणि चेन लावा. ट्रेमध्ये सुटं ठेवू नका. मशीनच्या पलीकडे ट्रे एकावर एक आदळतात, लोक घाईत असतात, आणि सुटी अंगठी ट्रेच्या कोपऱ्यात दिसतही नाही. लॅपटॉप, टॅब, कॅमेरा, पॉवर बँक, चार्जर हे वेगळ्या ट्रेमध्ये, एकावर एक न रचता. नव्या मशीनवर कधी कधी "लॅपटॉप अंदर ही रहने दो" म्हणतात, तेव्हा निमूटपणे आत ठेवा. "मागच्या वेळी तर काढायला लावला होता," हे त्या जवानाला सांगून काय साधणार?

ट्रे सोडायचा क्रमही महत्त्वाचा. आधी जॅकेट आणि डबे, मग इलेक्ट्रॉनिक्स, शेवटी पैसे-पासपोर्ट असलेली बॅग. ती आत शिरताना बघूनच तुम्ही धातू शोधणाऱ्या चौकटीकडे वळा. उलट केलंत तर तुमची अंगझडती होईपर्यंत पर्स पलीकडे एकटी फिरत राहते.

मंगळसूत्र काढायचं का, हा काकूंचा ठरलेला प्रश्न. आपल्याकडे काढायची गरज नाही. चौकट वाजो वा न वाजो, पलीकडे हातातल्या यंत्राने प्रत्येकाची तपासणी होतेच, बायकांची पडद्याआड, बाईकडूनच. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी घालून जा. यंत्र गळ्यापाशी वाजलं तर दाखवा, संपलं. सोनं काढून ट्रेत टाकण्यात मला कुठलंच शहाणपण दिसत नाही.

परदेशात चित्र वेगळं. तिथे काचेच्या गोल खोक्यात हात वर करून उभं करतात. हे मशीन धातूच्या मागे नसतं, कपड्याआड काही वेगळं जाणवलं की पडद्यावरच्या बाहुलीवर त्या जागी पिवळा चौकोन दाखवतं. साडीच्या निऱ्या म्हणजे कापडाच्या कित्येक घड्या एकावर एक. अंबाडाही तसाच. त्यामुळे आमच्या साडीवाल्या मंडळींच्या बाहुलीवर पोटापाशी आणि मानेमागे चौकोन हमखास येतात. मग तिथली बाई हातमोजे घालून निऱ्या चाचपते, केसांत बोटं घालते. युरोपातल्या एका विमानतळावर आमच्या एका काकूंना हे सगळ्यांसमोर झालं आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत. त्यांना वेगळी खोली मागता येते हे ठाऊक नव्हतं, आणि तिथल्यांनी आपणहून विचारलं नाही. आता मी हे इंग्रजी वाक्य प्रत्येकीकडून घोकून घेते: "प्रायव्हेट रूम, प्लीज." अमेरिकेत तर बरोबर आपलं माणूस न्यायचाही हक्क आहे. प्रवासाच्या दिवशी पंजाबी ड्रेस किंवा साधी पँट आणि वेणी, हा त्याहून सोपा मार्ग. साडी उतरल्यावर नेसा.

अमेरिकेत बूट काढायची सक्ती २०२५ च्या जुलैत संपली. भारतात जवान सांगेल तेव्हाच काढा. चेन-बकलवाले जड बूट मात्र घालूच नका, काढायला लावले तर वाकून बंद सोडता सोडता रांग अडते.

गुडघे, पेसमेकर, व्हीलचेअर

गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर चौकट वाजणार. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, पण त्याने तपासणी टळत नाही, फक्त प्रश्न कमी होतात. पेसमेकरवाल्यांनी कार्ड हातात ठेवायचं, पहिल्याच माणसाला दाखवायचं आणि हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका असं स्पष्ट सांगायचं. हाताने तपासा म्हणा, ते करतात. इन्सुलिन, सुया, पातळ औषधं, तान्ह्या बाळाचं दूध यांना १०० मिलीची अट आड येत नाही, पण औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि हे सगळं मशीनआधी वेगळं काढून दाखवायला हवं.

कृत्रिम पाय असलेल्यांचा त्रास यापेक्षा खोल आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ काढून सांगितलं, की दर वेळी विमानतळावर त्यांना पाय काढून दाखवायला लावतात, त्यांनी पंतप्रधानांना विनंती केली आणि सीआयएसएफने, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या जवानांच्या दलाने, माफी मागितली. एवढ्या ओळखीच्या बाईंना ही वेळ येते, तर आपल्या सातारच्या काकांचं काय? तुम्हाला पाय किंवा हात कृत्रिम असेल तर रांगेच्या सुरुवातीलाच सांगा, बसायला खुर्ची आणि आडोसा मागा, पट्टीने कण तपासायची विनंती करा. तिथल्या माणसाला समजत नसेल तर शिफ्ट इनचार्जला बोलवा म्हणा. आवाज चढवायचा नाही, पण मागणी सोडायचीही नाही.

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. तिची रांग वेगळी आणि सहसा लवकर सरकते, एवढ्यावरून धडधाकट माणसांनी ती मागू नये असं माझं ठाम मत आहे. खुर्च्या मोजक्या असतात.

बॅग बाजूला गेलीच तर

पहिली गोष्ट, बॅगेला हात लावू नका. ती समोर दिसते म्हणून पुढे होऊन चेन उघडायला गेलात की तिथला माणूस सावध होतो आणि तपासणी लांबते. त्याने विचारल्यावर "ये मेरा है" म्हणा, काय आहे ते दोन शब्दांत सांगा, "घर का लड्डू है, ऊपर के डिब्बे में." तो उघडेल, बघेल. बॉम्ब, पिस्तूल असले विनोद करू नका, कॉलेजच्या पोरांनीही नाही. त्यावर खरोखर गुन्हे दाखल होतात आणि विमान तुमच्याशिवाय निघून जातं.

वस्तू चालत नाही म्हणाला तर रस्ते थोडेच असतात. वेळ असेल तर एअरलाइनच्या माणसाला बोलवून ती चेक-इनमध्ये टाकता येते का ते विचारा. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याला वेळ हवा, म्हणून मी ग्रुपला तीन तास आधी आणते आणि त्यावरून बोलणी खाते. खाण्याची वस्तू असेल तर तिथेच खाऊन टाका. एकदा श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा आमच्या सगळ्या ग्रुपने बाजूला उभं राहून बोटांनी संपवला आणि ती टूर शेवटपर्यंत मजेत गेली. यातलं काहीच जमत नसेल तर सोडून द्या. चारशे रुपयांच्या बाटलीसाठी विमान चुकवणारे मी बघितलेत.

तक्रार करायची असेल तर कुणाकडे, हेही ठाऊक हवं. काय चालतं आणि काय नाही हे ठरवतं नागरी विमान सुरक्षा विभाग, म्हणजे बीसीएएस. मोठ्या विमानतळांवर तपासणी करतात ते सीआयएसएफचे जवान. काठमांडूहून निघालेल्या विमानाचं डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालं, त्यानंतर २००० पासून विमानतळ हळूहळू त्यांच्या ताब्यात आले. ट्रे, बेल्ट, रांगेचे दोर आणि एसी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे. नियमाचा राग जवानावर काढून काही होत नाही, तो नियम त्याने केलेला नाही. वागणूक वाईट असेल तर मात्र वेळ, गेट किंवा रांगेचा क्रमांक टिपून घ्या आणि लेखी द्या. तिथल्या तिथे भांडून आजवर कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. फोटो आणि व्हिडिओ सिक्युरिटीत काढू नका. पुण्याचा लोहगाव तर हवाई दलाचा तळ आहे, तिथे विमानातूनही फोन खिशातच.

अमेरिकेच्या बोर्डिंग पासवर इंग्रजी एस अक्षर चार वेळा छापलेलं दिसलं तर घाबरू नका. तुम्हाला जादा तपासणीसाठी निवडलंय, एवढाच त्याचा अर्थ. गेटपाशी पुन्हा एकदा बॅग आणि अंग तपासतील, पाऊण तास हाताशी ठेवा. हे दर प्रवासात होत असेल तर बहुधा तुमच्या नावाचा दुसरा कुणीतरी त्यांच्या यादीत आहे. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून निवारण क्रमांक मिळतो, तो पुढच्या तिकिटात घाला. अमेरिकेतून परतताना मोठ्या बॅगेत छापील चिठ्ठी सापडली तर चोरी झाली समजू नका, त्यांनी बॅग उघडून तपासल्याची ती पावती असते.

एक गोष्ट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगत नाही, वेगळ्याने विचारणाऱ्यालाच सांगते. परदेशात वारलेल्या माणसाच्या अस्थी नाशिकला आणायच्या असतील तर कलश धातूचा घेऊ नका. मशीनला धातूच्या आतलं दिसत नाही, आणि अमेरिकेत तर तिथले अधिकारी आदर म्हणून कलश उघडतच नाहीत, तुम्ही सांगितलंत तरी नाही. दिसलं नाही तर सरळ नाकारतात. लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा, हँडबॅगेत, मृत्यूचा आणि दहनाचा दाखला वरच्या कप्प्यात. तांब्याचा कलश नाशिकला उतरल्यावर घ्या.

आणि ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली. ती पारदर्शक सीलबंद पिशवीत पावतीसकट देतात, शेवटचं विमान उतरेपर्यंत ती फोडू नका, मध्ये कुठेही पुन्हा सिक्युरिटी असेल तर फोडलेली पिशवी जाते. २०२५ च्या जुलैत एडिनबरा आणि बर्मिंगहॅमने नव्या स्कॅनरमुळे दोन लिटरपर्यंत द्रव न्यायला परवानगी दिली, ते वाचून लोक मला विचारतात, आता बाटली चालेल ना? तिथून निघताना चालेल. वाटेत विमान बदलताना त्या विमानतळाचा नियम लागतो, आणि तो जुनाच असू शकतो.

पलीकडे गेल्यावर ट्रेमधून सगळं उचललंत का ते बाकावर बसून मोजा, उभ्या उभ्या पट्टा लावत नको. तरीही घरी आल्यावर कळलं की घड्याळ राहिलं, तर एअरलाइनला फोन करत बसू नका. सिक्युरिटीत सापडलेल्या वस्तू सीआयएसएफच्या वेबसाइटवर विमानतळ आणि तारखेनुसार टाकलेल्या असतात. तिथे शोधा, बोर्डिंग पासचा फोटो आणि ओळखपत्र घेऊन जा. त्यासाठी बोर्डिंग पास टूर संपेपर्यंत फाडू नका.